छत्र कोणाचें?

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भोसरी व मोशी मागें पडतात, इंद्रायणी ओलांडली जाते, आणि मग चाकणपर्यंत कारखान्यांच्या भिंती प्रवाशाची सोबत सोडीत नाहींत. चाकणचें नांव एके काळीं कांद्याच्या बाजारामुळें लोकांच्या तोंडीं असे. आज तें मोटारींमुळें आहे. जर्मनींतील मोठमोठ्या कंपन्यांनीं येथें आपले कारखाने थाटले आहेत. आणि पिंपरीस ज्या टाटांचा मोटारींचा कारखाना आहे, त्यांनीं २००८ सालीं इंग्लंडांतील जाग्वार व लँड रोव्हर हे उद्योग विकत घेतले. त्यामुळें २३ जून २०१६ रोजीं ब्रिटिश मतदारांनीं युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला, तेव्हां ती वार्ता ह्या टापूंतील पुष्कळ घरांत केवळ परदेशची बातमी म्हणून वाचली गेली नाहीं.

त्या दिवसांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें, ज्याचे वडील ह्याच पट्ट्यांत नोकरीस होते, आम्हांस एक प्रश्न विचारला. "सर, संघ सोडायचा हें एकदां ठरलें ना? मग आतां ह्यांचें भांडण कसलें चाललें आहे?" प्रश्न सरळ होता. आम्हीं पार्लमेंटाची पद्धति, पक्षांची रचना इत्यादि चार गोष्टी सांगून वेळ मारून नेली. उत्तर दिलें, पण प्रश्न सुटला नव्हता हें आमचें आम्हांस ठाऊक होतें. पुढें जुन्या दक्षिणेच्या इतिहासाचीं पानें चाळतांना असें आढळून आलें, कीं त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर लंडनमध्यें शोधण्याचें कारण नव्हतें; तें त्याच्या घराजवळच, चाकणच्या कोटांत होतें.

चाकण गांवांत संग्रामदुर्ग नांवाच्या भुईकोटाचे अवशेष आहेत. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें शाइस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढें हा कोट सुमारें दोन महिने लढविला, ही हकीकत मराठी मुलास शाळेंतच कळते. परंतु त्यापूर्वीं पावणेदोनशें वर्षें ह्याच कोटावर दुसरा एक प्रसंग गुदरला होता, व त्याची आठवण आज फारशी कोणी काढीत नाहीं. बहमनी राज्याचे तुकडे कसे झाले, हें समजून घेण्यास मात्र त्या प्रसंगाइतकें दुसरें चांगलें साधन नाहीं.

बहमनी राज्याची स्थापना इ. स. १३४७ मध्यें झाली. तें राज्य म्हणजे आजच्या अर्थानें राष्ट्रांचा संघ नव्हे. तेथें तह नव्हता, मतदान नव्हतें, बाहेर पडण्याचें कलमही नव्हतें. इतिहासांत दोन काळांची तुलना करणारानें हा भेद प्रथम कबूल केला पाहिजे. तथापि महाराष्ट्र, वऱ्हाड, तेलंगण व कर्नाटक असे भाषेनें व चालीरीतींनीं भिन्न असलेले प्रांत तेथें एका छत्राखालीं आले होते, व त्या छत्राचा मान राखून प्रत्येक प्रांताचा सुभेदार आपल्या ठिकाणीं मोठा होता. ह्या राज्यांत दोन तट होते. एक दख्खनी सरदारांचा, म्हणजे येथेंच पिढ्यान्पिढ्या राहिलेल्यांचा. दुसरा आफाकी सरदारांचा, म्हणजे इराण, अरबस्तान इत्यादि देशांतून समुद्रमार्गें आलेल्यांचा. आपल्या देशांत बाहेरच्यानें येऊन मान मिळवावा कीं नाहीं, हा प्रश्न विसाव्या किंवा एकविसाव्या शतकानें शोधून काढला, असें समजणारानें पंधराव्या शतकाच्या मध्यांतील चाकणची कत्तल वाचावी. कोंकणच्या मोहिमेंत मार खाऊन परतलेल्या आफाकी सैनिकांनीं ह्या कोटाचा आश्रय घेतला असतां, दख्खनी सरदारांनीं दरबारांत त्यांच्याविषयीं खोटी खबर देऊन त्यांस वेढलें, आणि अखेरीस शपथा घेऊन बाहेर आणून कापून काढलें.

ह्या दोन तटांचा तोल सांभाळणारा शेवटचा पुरुष म्हणजे वजीर महमूद गावान. राज्याच्या चार तरफा होत्या, त्यांच्या त्यानें आठ केल्या. दौलताबादची तरफ तोडून जुन्नरची नवी तरफ केली, ती ह्याच वेळीं. शिवाय त्यानें असा नियम घातला, कीं तरफदाराच्या हातीं एकच किल्ला असावा. बाकीच्या किल्ल्यांवरील अधिकारी दरबारानें परभारें नेमावे. योजना उत्तम होती, पण ती उत्तम असल्यामुळेंच ज्यांचे हात बांधले गेले ते तिचे वैरी झाले. गावानाच्या शिक्क्याचें एक बनावट पत्र सुलतानापुढें ठेवण्यांत आलें, आणि १४८१ च्या एप्रिलांत त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. पुढल्याच वर्षीं सुलतान वारला. गादीवर आला तो बारा वर्षांचा महमूदशहा, आणि कारभार आला तो मलिक हसन निजाम-उल्-मुल्क याच्या हातीं. हा दख्खनी पक्षाचा पुढारी. फेरिश्ता सांगतो, त्याप्रमाणें हा मूळचा पाथरीकडील ब्राह्मण घराण्यांतला. लहानपणीं कैद होऊन मुसलमान झालेला.

मलिक हसनानें आपला मुलगा मलिक अहमद यास जुन्नरच्या तरफेवर पाठविलें. तेथें जें घडलें तें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. शिवनेरीवरील मराठे शिबंदीनें किल्ला त्याच्या हवालीं करण्याचें साफ नाकारलें. त्यांचें म्हणणें असें, कीं सुलतान अजून अज्ञान आहे; तो वयांत येईपर्यंत असे फेरफार होतां कामा नयेत. म्हणजे ते बंडखोर नव्हते. उलट, आम्हीच खरे राजनिष्ठ, असा त्यांचा दावा होता. मलिक अहमदाचाही दावा तोच होता, कारण त्याच्याजवळ दरबारचा हुकूम होता. राजाच्या नांवानें बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद अशा रीतीनें राज्य फुटण्याच्या आधींच सुरू झाला होता. अहमदानें वेढा घालून शिवनेरी घेतली व तेथें सांठलेला वसूल हस्तगत केला. मागून लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर वगैरे किल्ले घेतले.

इतक्यांत १४८६ सालीं बेदरास मलिक हसनाचा खून झाला. मुलानें बापाचा किताब स्वतः धारण केला आणि दरबाराची आज्ञा मानण्याचें सोडलें. आतां चाकणच्या ठाणेदारापुढें, जैनुद्दीनापुढें, पेंच पडला. जुन्नर जवळ, बेदर दूर. नवा धनी दाराशीं उभा, जुन्याचें सैन्य वाटेवर. अहमदानें त्यास आपल्याकडे ओढण्याचा यत्न केला. जैनुद्दीन कांहीं काळ घुटमळला, आणि शेवटीं बेदरच्या बाजूस गेला. तेव्हां अहमदानें एका रात्रीं अचानक येऊन कोटास शिड्या लावल्या. तटावर पहिला चढला तो स्वतः अहमद, असें फेरिश्ता लिहितो. जैनुद्दीन शौर्यानें लढून पडला, व कोट पडला.

जैनुद्दीनास दोष देणें सोपें आहे. आम्हांस तें जड जातें. राज्य फुटतें तेव्हां जाणारे आणि राहणारे असे दोनच पक्ष असतात, अशी आपली समजूत असते. वास्तविक सर्वांत मोठा असतो तो तिसरा वर्ग: ज्यांस ना जावयाचें असतें ना राहावयाचें, ज्यांस केवळ आपलें ठाणें, आपले लोक, आपली चाकरी सांभाळावयाची असते. त्यांस कोणी विचारीत नाहीं, आणि निवड करण्याचा प्रसंग मात्र त्यांच्याच दारावर प्रथम येतो.

२८ मे १४९० रोजीं अहमदानें जहांगीरखान ह्या बहमनी सेनापतीचा पुरा मोड केला. हीच बागेची लढाई. त्याच सुमारास विजापुरास यूसुफ आदिलखान व वऱ्हाडांत फतेउल्ला इमाद-उल्-मुल्क हेही स्वतंत्र झाले. आतां कथा संपली, असें कोणासही वाटेल. पण आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर नेमकें येथूनच सुरू होतें.

यूसुफच्या सल्ल्यावरून अहमदानें शुक्रवारच्या खुतब्यांतून बहमनी सुलतानाचें नांव काढून स्वतःचें घातलें, आणि डोक्यावर पांढरें छत्र धरविलें. ह्याबरोबर त्याचेच साथीदार बिथरले. परांड्याचा ख्वाजा जहान आणि इतर सरदार म्हणूं लागले, कीं हा उद्दामपणा झाला. गंमत पाहा: बेदरशीं लढण्यास ह्यांची ना नव्हती, आपल्यांतील एकानें आपल्या माथ्यावर बसावें ह्यास होती. अहमदानें काय केलें? खुतबा त्यानें थांबविला. छत्राविषयीं त्यानें सांगितलें, कीं तें उन्हापासून रक्षण व्हावें एवढ्यासाठींच आहे. मग आम्हांसही तें धरण्याची मोकळीक असावी, असें सरदार म्हणाले, व त्यानें ती दिली. फेरिश्ता म्हणतो, कीं हिंदुस्थानांत अन्यत्र छत्री हें राजचिन्ह असतां दक्षिणेंत राजापासून भिकाऱ्यापर्यंत सर्व ती वापरतात, तें तेव्हांपासून. पुढें थोडक्याच काळानें त्याच सरदारांनीं आपण होऊन त्यास खुतबा पुन्हा सुरू करण्याची विनंती केली.

फेरिश्ता ह्या घटनांनंतर सुमारें शंभर वर्षांनीं लिहीत होता, व त्यानें अहमदनगर आणि विजापूर दोन्ही दरबारांचें मीठ खाल्लेलें होतें. म्हणून कथेंतील रंग थोडा कमी करून घ्यावा. परंतु तिच्यांतील राजकारण खरें आहे. चाकणचा कोट अहमदानें शिडीनें घेतला. राज्य मात्र त्यास चिन्ह सोडून, वाट पाहून, बरोबरीच्यांची संमति मिळवूनच घ्यावें लागलें.

ह्या दृष्टीनें ब्रिटनकडे पाहावें. मतदानांत ५१.९ टक्के लोकांनीं जाण्याचा कौल दिला. पण जाणें म्हणजे काय, हें त्या कागदावर लिहिलेलें नव्हतें. कॅमेरन यांनीं पद सोडलें. जाण्याच्या पक्षाचे दोन अग्रणी, जॉन्सन व गोव्ह. ३० जून रोजीं गोव्ह यांनीं अकस्मात् स्वतःची उमेदवारी पुढें केली आणि जॉन्सन यांनीं माघार घेतली. खुर्ची मिळाली ती थेरेसा मे यांस, ज्यांनीं स्वतः राहण्याच्या बाजूनें मत दिलें होतें. विरोधी मजूर पक्षांतही त्याच आठवड्यांत कॉर्बिन यांच्याविरुद्ध त्यांच्याच सभासदांनीं १७२ विरुद्ध ४० मतांनीं अविश्वास दाखविला. सामान्य पक्षसदस्यांनीं मात्र सप्टेंबरांत त्यांसच पुन्हा निवडलें. मे बाईंनीं संघाशीं केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजीं ४३२ विरुद्ध २०२ मतांनीं फेटाळला गेला, व त्या ४३२ मध्यें त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे सभासद थोडे नव्हते. मग जॉन्सन आले. सरकारविरुद्ध मत दिल्याबद्दल त्यांनीं आपल्याच २१ सभासदांस संसदीय पक्षाबाहेर काढलें. ३१ जानेवारी २०२० रोजीं ब्रिटननें संघ सोडला, तरी खुर्ची स्थिर झाली नाहीं. २०१६ ते २०२२ ह्या अवधींत त्या देशानें पांच पंतप्रधान पाहिले.

तेथें कोणाचें शिर उडालें नाहीं, बनावट पत्रावर वजीर मारला गेला नाहीं. मतपेटी व कायदा ह्यांनीं मनुष्यजातीस दिलेला हा लाभ लहान नव्हे. पण भांडणाचें मूळ तेंच. संघ असतो तोंवर दोष देण्यास एक दूरचें घर असतें, आणि निवाडा करण्यासही तेंच घर असतें. बेदरच्या नांवानें बोटें मोडीत असतां जुन्नर, परांडा आणि विजापूर यांस आपसांत कोण मोठा हें ठरवावें लागत नव्हतें. बेदर सुटलें, आणि तो प्रश्न उघडा पडला. ब्रुसेल्स सुटतांच लंडनचें हेंच झालें. संघ सोडण्यानें घरचा कलह मिटत नाहीं; त्यावरील झांकण तेवढें निघतें.

आणि जो कलह घरीं मिटविला नाहीं, तो नव्या राज्यांतही बरोबर येतो. दख्खनी, हबशी व परदेशी ह्यांची तेढ अहमदनगरास आली आणि वाढली. १५९५ सालीं इब्राहीम निजामशहा लढाईंत पडतांच चार पक्षांनीं गादीचे चार वारस उभे केले. मियां मंजूनें तर मोगल शाहजादा मुराद यास साहाय्यास बोलाविलें, व मागाहून पश्चात्ताप केला. चांदबिबीनें किल्ला राखला, पण तिचा घात १६०० मध्यें तिच्याच लोकांनीं केला. १६३६ त निजामशाहीचें नांव पुसलें गेलें. राज्य बाहेरच्यानें घेतलें खरें. त्यास वाट दाखविणारे घरचेच होते. ह्याहून विलक्षण गोष्ट अशी, कीं शेवटचा बहमनी सुलतान कलीमुल्ला हा आधीं विजापुरास व मग अहमदनगरास आश्रय मागत गेला. ज्यांनीं छत्र झुगारलें, त्यांच्याच दारीं त्या छत्राचा शेवटचा धनी राहिला.

तो विद्यार्थी आतां चाकणजवळच्याच एका कारखान्यांत अधिकारी आहे, असें आम्ही ऐकतों. त्या जुन्या कोटाजवळून त्याचें जाणें-येणें होत असेल. पुन्हा भेटला, तर आम्ही त्यास सांगूं, कीं बाबा, त्या दिवशीं आम्हीं तुला पार्लमेंटाचे नियम सांगितले, तें उत्तर अपुरें होतें. जावें कीं राहावें, हें एका दिवसांत ठरूं शकतें. आपल्यांतला कोण पुढें चालणार, आणि त्याच्यामागून चालण्यास बाकीचे मनापासून तयार आहेत कीं नाहींत, हें ठरण्यास चाकण पडल्यानंतरही वर्षें लागलीं होतीं. आणि ज्या घरानें तें कधींच ठरविलें नाहीं, त्याचें छत्र पुढें दुसऱ्यानेंच नेलें.