होडीप्रवास, कोकणातील

कोकण किनाऱ्यावर व तेथील खाड्यांतून लहान नौकांनी होणारी माणसांची ये-जा. तीत नित्याच्या कामासाठीचा प्रवास व हौसेची सहल या दोहोंचा अंतर्भाव होतो. कारण किनाऱ्यावरील लोकजीवनात या दोहोंमध्ये दीर्घकाळ स्पष्ट सीमारेषा नव्हती. बाजाराला नेणारी होडीच जत्रेला नेई आणि किल्ला दाखवावयासही नेई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रस्ते व पूल झाल्यावर नित्याचा प्रवास ओसरला, सहल मात्र वाढली. या स्थित्यंतरात भरती-ओहोटी व वारा यांविषयीचे जे ज्ञान पूर्वी उतारूलाही असे, ते नावाड्यापुरते मर्यादित झाले. कोकणातील होडीप्रवासाच्या इतिहासातील ही महत्त्वाची बाब होय.

भौगोलिक पार्श्वभूमी : महाराष्ट्राचा किनारा परंपरागत मोजणीनुसार सु. ७२० किमी. लांबीचा मानला जातो. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या तयार करतात. धरमतर, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, तेरेखोल इ. खाड्यांनी हा किनारा जागोजाग तुटलेला आहे. समोरासमोरची दोन गावे हाकेच्या अंतरावर असली, तरी जमिनीवरून जाताना खाडीच्या मुखापासून आत कित्येक कोसांचा वळसा पडे. त्यामुळे येथे खाडी हा अडथळा नसून तीच वाट होती. शेजारचे गाव, बाजारपेठ, शाळा, कचेरी व सोयरिकीचे घर ही सर्व पाण्यावरूनच जोडलेली असत.

नौका व नावाडी : खाडी उतरण्यासाठी होडी किंवा ‘तर’ वापरीत. तर या शब्दाने उताराची नौका व उताराची जागा या दोहोंचा बोध होतो. दक्षिण कोकणातील अरुंद होड्यांना तोल राखण्यासाठी एका बाजूस उलांडी जोडलेली असते. किनाऱ्याने दूर जाण्यासाठी शिडाचा मचवा, तर माल व माणसे चढविण्या-उतरविण्यासाठी पडाव वापरात असे. याहून मोठ्या मालवाहू नौका म्हणजे गलबते व फत्तेमाऱ्या. कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी इ. समाजांतील लोक या व्यवसायात होते. नौकेचा प्रमुख तो तांडेल. शीड केव्हा उतरावयाचे व केव्हा नांगर टाकून थांबावयाचे, याबाबत त्याचा शब्द अखेरचा असे. मुंबई इलाख्यात १८६८ च्या कायद्याने सार्वजनिक तरींचे नियमन सुरू झाले. उताराचे दर ठरवून देणे व तरीचा मक्ता लिलावाने देणे, ही पद्धत त्यानंतर रूढ झाली.

काळवेळेचे गणित : किनाऱ्यावरचा दिवस घड्याळापेक्षा पाण्यावर अवलंबून असे. भरती दिवसातून दोनदा येते व रोज सु. ५० मिनिटांनी पुढे सरकते. तिचा अंदाज बांधण्यासाठी तिथीची पाऊणपट करण्याचा आडाखा प्रचलित आहे. चतुर्थीला सु. तीन वाजता, अष्टमीला सु. सहा वाजता पूर्ण भरती असते, असे त्यावरून निघते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तर अष्टमीच्या सुमारास पाणी मंद चढते व मंद उतरते. याला भांग म्हणतात. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीतील फरक सु. ५ मी.पर्यंत जातो, दक्षिणेकडे तो कमी होत मालवणच्या आसपास निम्म्याहून अधिक घटतो. म्हणून उत्तर कोकणात ओहोटीच्या वेळी धक्क्यापुढे चिखल उघडा पडे व होडीला पाणी चढेपर्यंत थांबावे लागे. रात्री व पहाटे जमिनीवरून वाहणारे मतलई वारे व दुपारनंतर समुद्रावरून येणारे खारे वारे यांचा मेळ घालून मचवे पहाटे बाहेर पडत आणि दुपारनंतर परतत.

वर्षाचेही असेच दोन भाग पडत. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी नौका किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारीत. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावर (नारळी पौर्णिमा) दर्या पुन्हा खुला झाला असे मानीत. हा निर्बंध धार्मिक आचाराच्या रूपाने पाळला जात असला, तरी त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

आगबोटींचा काळ : एकोणिसाव्या शतकात मुंबई व कोकणातील बंदरे यांच्यामध्ये आगबोटींची वाहतूक सुरू झाली. तिच्यामुळे लहान होडीचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकी व उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत. हेलकावणाऱ्या पडावात सामानासह उतरणे हा प्रवासातील अवघड टप्पा असे आणि जेथे धक्का नसे, तेथे अखेरचे अंतर पाण्यातून चालत किंवा खलाशाच्या खांद्यावर बसून पार करावे लागे. मुंबईच्या गिरण्यांत व कचेऱ्यांत काम करणारे चाकरमानी शिमग्याला व मे महिन्यात याच मार्गाने गावी येत. त्यांच्या आगमनाने बंदरावर बाजार भरे. लग्नाची वऱ्हाडे, देवाच्या जत्रा व माहेरवाशिणींची ये-जा होडीनेच होई. कामासाठी निघालेल्यांचीही त्या निमित्ताने सहल घडे.

दुर्घटना : पावसाळ्यात किनाऱ्यावरची लांब पल्ल्याची वाहतूक थांबे, मात्र मुंबई बंदराच्या परिसरातील काही फेऱ्या चालू राहत. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट वादळी हवेत बुडून सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आषाढातील अमावास्येसाठी गावी निघालेल्यांची त्या दिवशी गर्दी होती. बोटीवर बिनतारी संदेशयंत्रणा नसल्याने अपघाताची वार्ता मुंबईत कित्येक तासांनी पोहोचली. वाचलेल्यांपैकी अनेकांना कोळ्यांच्या मचव्यांनी पाण्यातून वर काढले. यापूर्वी नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या होत्या. या घटनांच्या आठवणी किनाऱ्यावरील कुटुंबांत दीर्घकाळ टिकून राहिल्या.

रस्ते व नवी सहल : स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई-गोवा महामार्ग, खाड्यांवरील पूल व राज्य परिवहनाच्या गाड्या यांमुळे जलप्रवास मागे पडला. मुंबई-गोवा आगबोटसेवा १९९० पूर्वीच थांबली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. अनेक तरी बंद पडल्या. ज्या उरल्या, त्यांपैकी काहींच्या जागी मोटारी वाहून नेणाऱ्या फेरीबोटी आल्या. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला व आगरदांडा-दिघी हे असे उतार होत. मुंबई-मांडवा मार्गावर मार्च २०२० मध्ये अशा प्रकारची मोठी नौका सुरू झाली.

होडीतून जाणारा आजचा उतारू मुख्यतः पर्यटक आहे. राजपुरीहून जंजिऱ्याला शिडाच्या होड्यांतून जातात. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाला, तर गेट वे ऑफ इंडियापासून घारापुरीला यांत्रिक नौका जातात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला पायी जाता येते व भरतीला होडी लागते. तेथे पर्यटकालाही पाण्याची वेळ विचारावीच लागते. अन्यत्र ती विचारण्याची त्याला सवय उरलेली नाही. पूर्वीचा उतारू होडी किती भरली आहे व वारा कोठून आहे, हे पाहून चढे. तांडेलाने ‘आज नाही’ म्हटले, तर तो मुकाट्याने परत फिरे. आजचा पर्यटक ठरलेल्या सुटीच्या दिवशी येतो व परतण्याची त्याला घाई असते. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी नौकेवर नौदलाची वेगवान नौका आदळून दहाहून अधिक लोक दगावले. या प्रसंगी दोष वाऱ्याचा वा पाण्याचा नव्हता. तथापि प्रत्येक उतारूच्या अंगावर जीवरक्षक जाकीट असण्याचा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

नियमनाची जबाबदारी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. १९१७ च्या अंतर्गत जलवाहतूकविषयक नौकांच्या कायद्याची जागा २०२१ च्या कायद्याने घेतली असून नोंदणी, तपासणी व सुरक्षा-साधने यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत. उतारूंच्या संख्येवरील मर्यादा, पावसाळ्यातील बंदी व नावाड्याचा परवाना या आजच्या नियमांचे मूळ हेतू किनाऱ्यावरच्या जुन्या आचारांत आढळतात. फरक इतकाच, की तो आचार होडीतील सर्वांना ठाऊक असे व त्याची राखण सर्व मिळून करीत. आजचा नियम कागदावर अधिक काटेकोर असला, तरी त्याची राखण धक्क्यावरील मोजक्या माणसांवर सोपविलेली आहे.