मेळ आणि राखीव प्रत : मोबाईल फोन व संगणक यांच्या संबंधाचा इतिहास

मोबाईल फोनमधील नावे, पत्ते, संदेश व छायाचित्रे संगणकावर उतरवून घेण्याच्या क्रियेला व्यवहारात दोन नावे आहेत : सिंक व बॅकअप. बोलताना ही दोन्ही नावे एकाच अर्थाने वापरली जातात. वस्तुतः त्यांचे हेतू परस्परविरोधी आहेत. सिंक म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदींचा मेळ घालणे. एका ठिकाणी जे बदलले ते दुसऱ्या ठिकाणीही बदलावे, एका ठिकाणी जे पुसले ते दुसऱ्या ठिकाणीही पुसले जावे, ही त्याची सफलता. बॅकअप म्हणजे राखीव प्रत, आणि मूळ पुसले गेले तरी जी शिल्लक राहते तीच खरी राखीव प्रत. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा या विषयाचा इतिहास म्हणजे निरनिराळ्या तारांची व यंत्रांची एक जंत्री होऊन बसते. या इतिहासातील खरा प्रश्न वेगळाच आहे : दोन प्रतींपैकी अस्सल कोणती आणि नक्कल कोणती?

तारांचा भाग थोडक्यात सांगता येतो. फोनने संगणकाशी बोलावे कोणत्या भाषेत, याचे पहिले व्यापक उत्तर जुन्या मोडेममधून आले. अमेरिकेतील हेज कंपनीने १९८१ मध्ये स्मार्टमोडेम बाजारात आणला तेव्हा त्याला हुकूम देण्यासाठी 'ए टी' या अक्षरांनी आरंभ होणारी छोटी आज्ञावली ठरवली. पुढे जीएसएम पद्धतीच्या फोनसाठी तीच आज्ञावली वाढवून घेण्यात आली, आणि सिम कार्डावरील नावे एकामागून एक वाचून दाखवण्याची आज्ञाही तीत आली. निर्मात्यांनी मात्र याखेरीज आपापल्या गुप्त बोली राखल्या. नोकियाची बोली स्वयंसेवी प्रोग्रामरांनी तारेवरून जाणारे संकेत तपासून उलगडली, आणि त्यातून 'ग्नोकी' ही प्रणाली उभी राहिली. अवरक्त किरणांनी जोडणी करण्याचा संकेत ठरवणारी संस्था १९९३ मध्ये व ब्लूटूथची संस्था १९९८ मध्ये स्थापन झाली. यूएसबीची पहिली संहिता जानेवारी १९९६ मधील. तिच्या घडणीत इंटेलमधील ज्या अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा होता, ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट मराठी वाचकांना कौतुकाची वाटावी. फोनगणिक निराळी तार ही तक्रार मात्र बराच काळ टिकली. युरोपीय संघाने फोनसाठी यूएसबी-सी हे एकच तोंड कायद्याने सक्तीचे केले ते २८ डिसेंबर २०२४ पासून.

मेळ घालण्याचे तंत्र खऱ्या अर्थाने प्रथम घरोघर पोहोचवले ते फोनने नव्हे, तर हातात मावणाऱ्या एका टिपणवहीने. पाम कंपनीची 'पायलट' ही हस्तवही १९९६ मध्ये विक्रीस आली. जेफ हॉकिन्स यांनी यंत्र घडण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात बाळगून पाहिला होता, ही हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु आमच्या मते त्या ठोकळ्यापेक्षा यंत्राबरोबरच मिळणारी बैठक अधिक महत्त्वाची. हस्तवही त्या बैठकीवर ठेवावी, एक कळ दाबावी, आणि संगणकावरील व वहीमधील नोंदींचा मेळ पडावा, एवढाच तो विधी होता. यात गृहीत असे होते की माणूस मुख्यतः संगणकापाशी बसतो आणि वही ही त्याच्या दप्तराची बाहेर नेण्याजोगी नक्कल आहे.

हा मेळ कसा पडत असे ते पाहण्यासारखे आहे. प्रत्येक नोंदीला एक खूण जोडलेली असे. नोंद बदलली की खूण उमटे, आणि पुढच्या वेळी खूण असलेल्या नोंदी तेवढ्या तपासल्या जात. मात्र वही मध्यंतरी दुसऱ्या संगणकाला जोडली गेली असेल तर खुणांवर विसंबता येत नसे. मग सर्वच नोंदी एकेक करून ताडून पाहाव्या लागत. एकच नोंद दोन्ही बाजूंना वेगवेगळी बदललेली आढळली तर यंत्र न्यायनिवाडा करीत नसे. दोन्ही पाठ ठेवून देई आणि निर्णय धन्यावर सोपवी. पाठभेदांची सवय असलेल्या संशोधकाला ही रीत प्रामाणिक वाटेल. त्याहून सुज्ञपणा नोंद पुसण्याच्या वेळी दिसे. पुसताना यंत्र विचारी की हिची एक प्रत संगणकावर जतन करावयाची काय. म्हणजे मेळ आणि राखीव प्रत यांतील भेद त्या छोट्या यंत्राच्या कर्त्यांना पुरता ठाऊक होता. त्याला कारणही होते. वहीची सारी स्मृती दोन बारीक बॅटऱ्यांच्या आधारावर जिवंत असे, आणि त्या संपल्या की नोंदीही संपत.

नोंदी एका यंत्रातून दुसऱ्यात जावयाच्या तर त्यांचे लेखन एकाच पद्धतीचे हवे. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम व सीमेन्स यांच्या 'व्हर्सिट' या मंडळाने यासाठी 'व्हीकार्ड' हा मसुदा सिद्ध केला, त्याची २.१ ही आवृत्ती १९९६ मधील. इंग्रजी नावांचे तिने भले केले, देवनागरीचे मात्र हाल केले. मूळ मजकूर सात बिटांत मावणारा असावा, हे तीत गृहीत होते. बाहेरच्या लिपीतील प्रत्येक बाइट एक बरोबरीचे चिन्ह व दोन अंकाक्षरे अशा तीन खुणांनी लिहावयाचा. 'शिवाजी' या नावात युनिकोडची ६ चिन्हे आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांचे १८ बाइट होतात आणि व्हीकार्डात उतरताना ५४ खुणा. ओळ लांबली की ती मोडून पुढे न्यावयाची, आणि वाचणाऱ्या प्रणालीने मोड ओळखली नाही तर नाव मध्येच तुटे. १९९८ च्या ३.० आवृत्तीने ही रीत काढून टाकली, तरी अँड्रॉइड फोन त्यानंतरही कित्येक वर्षे जुन्या २.१ पद्धतीनेच नावे बाहेर देत राहिले. सिम कार्डावरील अडचण आणखी निराळी. नावासाठी १४ बाइट राखलेल्या कार्डावर देवनागरी नाव साध्या द्विबाइट पद्धतीने लिहिले तर एक बाइट खुणेसाठी जाऊन उरलेल्या जागेत ६ च चिन्हे मावतात. 'शिवाजी' बसतो; 'शिवाजीराव' बसत नाही. मराठी माणसांच्या फोनमधील नावे इतकी वर्षे रोमन लिपीत का राहिली याची कारणे शोधताना कळफलकाइतकाच या गोष्टीचाही विचार करावा लागेल.

फेब्रुवारी २००० मध्ये नोकिया, एरिक्सन, मोटोरोला, आयबीएम, पाम, सायन आदी कंपन्यांनी 'सिंकएमएल' हा सर्वांसाठी समान संकेत हाती घेतला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यात तंत्र होते, एकवाक्यताही होती. परंतु संगणक आणि फोन यांच्यातील थोरले-धाकटेपण तोवर बदलू लागले होते.

हा बदल ॲपलच्या धोरणात स्पष्ट दिसतो. जानेवारी २००१ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी संगणक हा साऱ्या अंकीय उपकरणांचा केंद्रबिंदू होय असे प्रतिपादन केले. २००७ चा पहिला आयफोन तर संगणकावरील आयट्यून्सला जोडल्यावाचून चालूच होत नसे. उलट २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनने संगणकाची वाटच धरली नाही. त्याची नावे थेट गूगलच्या खात्याशी जुळत. जून २०११ मध्ये जॉब्स यांनीच संगणकाला आता इतरांसारख्या एका उपकरणाच्या पायरीवर उतरवल्याचे जाहीर केले, आणि १२ ऑक्टोबर २०११ रोजी आयओएस ५ बरोबर आयक्लाऊड आले. दहा वर्षांत अस्सल प्रत घरातल्या टेबलावरून उठून दूरच्या सर्व्हरवर गेली. सोय वाढली हे निर्विवाद. परंतु जी प्रत धन्याच्या कुलपात होती ती दुसऱ्याच्या कोठारात गेली, हेही तितकेच खरे.

त्याचा अर्थ काय होतो, हे त्याआधीच ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत दिसून आले होते. टी-मोबाईलच्या 'साइडकिक' फोनची सर्व माहिती मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या डेंजर या कंपनीच्या सर्व्हरवर असे. फोनमध्ये होती ती केवळ चालू स्थितीपुरती नक्कल. सर्व्हर बिघडला, आणि १० ऑक्टोबरला ग्राहकांना सांगण्यात आले की त्यांची माहिती बहुधा कायमची गेली. त्याचबरोबर आणखी एक सूचना होती : फोनची बॅटरी काढू नका, फोन बंद पडू देऊ नका. अस्सल हरपल्यावर ती क्षणजीवी नक्कलच शेवटचा आधार ठरली. पुढे काही दिवसांतच बहुतेक माहिती परत मिळवता आल्याचे मायक्रोसॉफ्टने कळवले. पण तेवढ्या अवधीत ज्यांनी सवयीने बॅटरी काढून पुन्हा बसवली, त्यांच्या हातची ती एकमेव प्रतही गेली.

इतिहासाच्या अभ्यासकाला यापुढे पडणारा पेच मात्र हरवलेल्या प्रतींपेक्षा शिल्लक असलेल्या प्रतींचा आहे. संगणकावर घेतलेली आयफोनची राखीव प्रत उघडली तर एकाही धारिकेला ओळखीचे नाव नसते. प्रत्येकीवर ४० अंकाक्षरांचा एक संकेत असतो, आणि कोणता संकेत कोणत्या छायाचित्राचा वा संदेशाचा, हे सांगणारी अनुक्रमणिका एका स्वतंत्र धारिकेत असते. अनुक्रमणिका गहाळ झाल्यास उरते ते यादी नसलेल्या रुमालांचे दप्तर. तरीही चिकाटीने ते लावता येते. धारिकेच्या आरंभीच्या बाइटांवरून ती चित्राची की मजकुराची एवढे तरी कळते. जी प्रत सांकेतिक कुलपात ठेवली आहे तिच्याबाबत तेही शक्य नाही. व्हॉट्सॲपने राखीव प्रतींना अशा कुलपाची सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये दिली, ॲपलने आयक्लाऊडवरील प्रतींना डिसेंबर २०२२ मध्ये. जिवंत माणसाच्या खाजगीपणासाठी ही सोय योग्यच आहे. मोडी वाचणारा जाणकार मिळाला की मोडी कागद वाचता येतो. येथे परवलीचा शब्द धन्याबरोबर गेला की कोणाही जाणकाराचा उपयोग नाही, आणि आज घराघरातील पत्रव्यवहार बहुतांशी याच फोनमध्ये आहे.