निकॉन डी८०० आणि डी८००ई

जपानच्या निकॉन कंपनीने ७ फेब्रुवारी २०१२ रोजी जाहीर केलेले ३६.३ मेगापिक्सेलचे दोन जुळे फुल-फ्रेम डीएसएलआर कॅमेरे. डी८०० मार्चमध्ये आणि डी८००ई एप्रिलमध्ये विक्रीला आला. अमेरिकेत बॉडीची किंमत अनुक्रमे सुमारे ३,००० आणि ३,३०० डॉलर होती. सेन्सर ३५.९ × २४ मिलिमीटरचा, सोनीने बनवलेला. पूर्ण चित्र ७,३६० × ४,९१२ पिक्सेलचे. कॅमेऱ्याची निर्मिती मियागी प्रांतातल्या सेंदाई कारखान्यात होत असे. ११ मार्च २०११ च्या भूकंपात याच कारखान्याचे नुकसान झाले होते.

स्टुडिओ, जाहिरात, वास्तू आणि निसर्ग या क्षेत्रांत काम करणाऱ्यांसाठी डी८०० हा मोठा टप्पा ठरला. तोवर इतका तपशील हवा असेल तर मीडियम फॉरमॅटकडे वळावे लागे. ४० मेगापिक्सेलचा पेंटॅक्स ६४५डी त्यातल्या त्यात स्वस्त, तरी सुमारे १०,००० डॉलरचा. निकॉनचा स्वतःचा २४.५ मेगापिक्सेलचा डी३एक्स २००८ च्या अखेरीस आला तेव्हा ८,००० डॉलरला होता. त्या पार्श्वभूमीवर ३,००० डॉलरमध्ये ३६ मेगापिक्सेल मिळणे विलक्षण होते. मात्र आकडा जितका मोठा दिसतो तितकी मोठी झेप छापील चित्रात दिसत नाही. २००८ च्या डी७०० मध्ये १२.१ मेगापिक्सेल होते, म्हणजे पिक्सेल तिप्पट झाले. पण चित्राची रुंदी ४,२५६ वरून ७,३६० वर गेली, म्हणजे जेमतेम पावणेदोन पट. ३०० डीपीआयने छापल्यास डी८०० चे चित्र साधारण साडेचोवीस इंच रुंद होते. भिंतीवरच्या मोठ्या प्रिंटसाठी आणि जाहिरातीतल्या घट्ट क्रॉपसाठी हा फरक मोलाचा आहे. एरवीच्या अल्बमसाठी तो जाणवतही नाही.

या कॅमेऱ्याचे खरे सामर्थ्य मेगापिक्सेलमध्ये आहे असे बहुतेकांना वाटले. प्रस्तुत लेखकाच्या मते ते सावल्यांमध्ये आहे. सेन्सरच्या चिपवरच पिक्सेलांच्या प्रत्येक स्तंभासाठी स्वतंत्र अ‍ॅनालॉग-डिजिटल रूपांतर होते. त्यामुळे सिग्नल वाचताना मिसळणारा नॉइज फार कमी राहतो. डीएक्सओमार्कच्या चाचणीत डी८०० ची डायनॅमिक रेंज १४.४ स्टॉप भरली. एकूण गुण ९५ आणि डी८००ईचे ९६. त्या वेळी हे सर्वोच्च होते. व्यवहारात याचा अर्थ असा : जुन्या वाड्याच्या माजघरात उभे राहून उघड्या दारातून उन्हाने भरलेला चौक टिपायचा आहे. आयएसओ १०० ठेवून एक्स्पोजर उन्हाला धरून घेतले, तर पडद्यावर माजघर जवळजवळ काळे दिसते. रॉ फाइल संगणकावर उघडून सावल्या तीन-चार स्टॉप वर उचलल्या की त्याच काळोखातून तुळईच्या लाकडाच्या रेषा, कोनाड्याची कड, भिंतीचा पोपडा स्वच्छ वर येतो आणि चौकातले ऊनही फटफटीत होत नाही. त्याच वर्षीच्या कॅनन ५डी मार्क III मध्ये सावल्या इतक्या उचलल्या की आडवे-उभे पट्टे उमटू लागत. निसर्गछायाचित्रकारांची ग्रॅज्युएटेड फिल्टरची आणि तीन-तीन एक्स्पोजर जोडण्याची गरज या एका गुणामुळे पुष्कळ कमी झाली.

दुसरा, कमी चर्चिला गेलेला लाभ डीएक्स क्रॉपचा. सेन्सरचा मधला भागच वापरला तरी १५.४ मेगापिक्सेलचे चित्र मिळते आणि ५१ फोकस बिंदू जवळजवळ सगळी चौकट व्यापतात. पक्षी टिपणाऱ्याला एकाच बॉडीत दोन कॅमेरे मिळाल्याचे समाधान यातून मिळाले.

आता दुर्बलता; आणि त्यातल्या बहुतेक याच सूक्ष्मतेच्या पोटी जन्मल्या आहेत. डी७०० चा एक पिक्सेल सुमारे ८.५ मायक्रॉनचा होता, डी८०० चा ४.९. हात पूर्वीइतकाच हलला तरी तेच कंपन आता जास्त पिक्सेलांवर पसरते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० सेकंद चालते हा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा येथे पुरत नाही. शटर दुप्पट वेगाने चालवावे, शक्य असेल तर त्याहूनही. ट्रायपॉडही हलका असून भागत नाही. टेलिफोटो लावून १/१० ते १/६० सेकंदाच्या दरम्यान काम करताना वर उसळणारा आरसा आणि शटरचा पडदा यांचा धक्काच चित्र बिघडवायला पुरतो. त्यासाठी मिरर-अप आहे, एक ते तीन सेकंदांचा एक्स्पोजर डिले आहे. पण पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवण्याची सोय नाही, ही उणीव स्टुडिओत आणि सूक्ष्मछायाचित्रणात सतत खुपते. निकॉनने या जोडीसाठी खास तांत्रिक मार्गदर्शिका काढली आणि तीत ट्रायपॉड, लाइव्ह व्ह्यूमधले फोकसिंग व निवडक लेन्स यांवर भर दिला, तो उगाच नव्हे.

लेन्सची परीक्षा तर फारच कडक. १४-२४, २४-७० आणि ७०-२०० मिलिमीटरच्या एफ/२.८ झूम उत्तम चालतात. जुन्या, हौशी झूम लेन्सच्या कडा मात्र उघड्या पडतात. ८५ मिलिमीटर लेन्स एफ/१.४ वर ठेवून जवळून घेतलेले व्यक्तिचित्र पूर्ण मोठे करून पाहावे : पापणीचे केस एकेक मोजता येतात आणि त्यामागचे बुबुळ मऊ असते. बारा मेगापिक्सेलमध्ये हा चेहरा नेटका म्हणून खपला असता. खोली वाढवावी म्हणून अ‍ॅपर्चर लहान करत जाण्यालाही मर्यादा आहे. विवर्तनामुळे प्रकाशबिंदूचा ठिपका एफ/८ ला सुमारे ११ मायक्रॉनचा असतो, एफ/१६ ला सुमारे २१ मायक्रॉनचा, म्हणजे चार पिक्सेलांहून रुंद. एफ/११ च्या पुढे गेल्यावर विकत घेतलेला तपशील हळूहळू हातचा जातो.

डी८००ई हे भावंड वेगळे ठरते ते फिल्टरमुळे. डी८०० मध्ये सेन्सरपुढचा लो-पास फिल्टर प्रतिमा किंचित पसरवतो. डी८००ईमध्ये पहिला थर किरण विभागतो आणि दुसरा ते पुन्हा एकत्र आणतो, त्यामुळे पसरण रद्द होते. दगड, झाडी, डोंगर यांत थोडा जादा धारदारपणा मिळतो. किंमत मोजावी लागते ती बारीक, नियमित विणीच्या कापडात : सुटाच्या बाहीवर किंवा रेशमी पोतावर रंगीत लाटा उमटतात, आणि हा मोआरे नंतर काढणे जिकिरीचे असते. लग्न आणि फॅशन करणाऱ्याने साधा डी८०० घ्यावा, निसर्गवाल्याने ई घ्यावा, हा त्या काळी दिला जाणारा सल्ला योग्यच होता.

जादा आयएसओला हा कॅमेरा दाणेदार असल्याची तक्रार अनेकांनी केली. ती पूर्ण मोठे करून पाहण्याच्या सवयीतून आली. एकाच आकाराचे प्रिंट शेजारी ठेवल्यास आयएसओ ३२०० पर्यंत तो कमी पिक्सेलच्या समकालीनांच्या मागे पडत नाही. फाइलच्या आकाराची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. १४ बिटची लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ फाइल सुमारे ४१ एमबीची, अनकॉम्प्रेस्ड ७४ एमबीची. लग्नात दोन हजार फ्रेम झाल्या की ऐंशी जीबीच्या वर डेटा साठतो. त्याची दुसरी प्रत, संगणकाची रॅम, अल्बम निवडताना एकेक चित्र उघडायला लागणारा वेळ, हे सगळे कॅमेऱ्याच्या किमतीतच धरायला हवे. लहान आकाराची रॉ फाइल घेण्याचा पर्यायही दिलेला नाही. पूर्ण चौकटीत वेग सेकंदाला चारच फ्रेम, त्यामुळे क्रीडाछायाचित्रकाराने त्याच वर्षीच्या १६.२ मेगापिक्सेलच्या डी४ कडे जाणेच रास्त.

काही दोष सूक्ष्मतेचे नव्हेत, निव्वळ कारागिरीचे होते. सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत डाव्या बाजूच्या फोकस बिंदूंनी घेतलेले फोकस मधल्या बिंदूंशी जुळत नसे. सेवाकेंद्रात समायोजन करून घ्यावे लागे. मागच्या पडद्यावर हिरवट झाक दिसते अशीही तक्रार होती. लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठे करून पाहिलेले चित्र खरखरीत दिसते, म्हणजे हाताने अचूक फोकस करण्याचे साधनच अपुरे.

जून २०१४ मध्ये जाहीर झालेल्या डी८१० ने ही जोडी एकाच बॉडीत आणली : लो-पास फिल्टर नाही, मूळ आयएसओ ६४, आरशाची नवी शांत रचना, मिरर-अपमध्ये इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा आणि लहान रॉ फाइल. २०१७ चा डी८५० पुढे ४५.७ मेगापिक्सेलवर गेला. जुना डी८०० आज वापरलेल्या मालात घेणाऱ्याने शटर किती वेळा चालले ते विचारावे, कारण त्याची चाचणी दोन लाख आवर्तनांची आहे; आणि एफ/१.४ किंवा एफ/२ ची लेन्स लावून डाव्या टोकाच्या फोकस बिंदूने घेतलेले चित्र लाइव्ह व्ह्यूने घेतलेल्या चित्राशी ताडून पाहावे.