साक्षीने झालेला विवाह

लग्नापूर्वी चर्चमध्ये वधूवरांची नावे जाहीर केली जातात, विवाहाच्या वेळी दोन साक्षीदार उभे राहतात आणि शेवटी नोंदवहीत सह्या होतात. आजच्या घाईच्या काळात हे सारे केवळ सोपस्कार वाटावेत, यात नवल नाही. परंतु इतिहासाची पाने चाळली म्हणजे ध्यानी येते, की या सोपस्कारांच्या मुळाशी टाकलेल्या स्त्रियांचे आणि पोरक्या लेकरांचे अश्रू आहेत.

बाराव्या शतकात ख्रिस्तसभेने एक थोर तत्त्व दृढ केले: वधूवरांची परस्परसंमती हाच विवाहाचा प्राण होय. पित्याची आज्ञा किंवा सरदाराची मर्जी तिची जागा घेऊ शकत नव्हती. पोप तिसरे अलेक्झांडर यांच्या निर्णयांनी हे तत्त्व युरोपात रुजले. मात्र त्यातूनच एक संकट उभे राहिले. संमतीचे शब्द शेतात, अंगणात, कोणाच्याही साक्षीविना उच्चारले तरी विवाह वैध ठरे. पुढे पुरुषाचे मन फिरले, तर स्त्रीपाशी पुरावा कोणता? तो दुसरीशी राजरोस लग्न लावी आणि पहिलीच्या पदरातील मूल पित्याच्या नावाला व वारशाला मुके. १२१५ साली चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने अशा गुप्त विवाहांना मनाई केली व विवाहाची पूर्वघोषणा सर्वत्र लागू केली. परंतु मनाई मोडून केलेला विवाहही वैधच राहत असल्याने दुखणे हटले नाही.

अखेर ट्रेंट धर्मपरिषदेने ११ नोव्हेंबर १५६३ रोजी 'तामेत्सी' हा हुकूमनामा संमत केला. धर्मग्रामाचे धर्मगुरू आणि दोन किंवा तीन साक्षीदार यांच्यासमोर न झालेला विवाह यापुढे वैध मानला जाणार नव्हता. तीन वेळा जाहीर घोषणा व्हावी आणि वधूवर, साक्षीदार, दिवस व स्थळ यांची नोंद धर्मगुरूंनी वहीत जपून ठेवावी, असेही ठरले. अनेक धर्मपित्यांचा यास विरोध होता. संमतीने जे जुळते ते अवैध कसे ठरवावे, हा त्यांचा प्रश्न होता. उलट, फ्रान्सच्या बाजूने मागणी होती की आईबापांची संमती सक्तीची करावी. परिषदेने तीही नाकारली. निवड वधूवरांची आणि साक्ष समाजाची, असा मार्ग तिने पत्करला.

पोर्तुगालने परिषदेचे निर्णय स्वीकारले आणि १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ते या भूमीत अमलात आणण्याचे कार्य हाती घेतले. त्या वेळी वसई पोर्तुगीज अंमलाखाली होती. त्यामुळे आपल्या पूर्वजांच्या विवाहांनाही हीच शिस्त लागली. पुढे १९०७ साली पोप दहावे पायस यांच्या कारकिर्दीत 'ने तेमेरे' हा हुकूमनामा निघाला. विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतही व्हावी, असे त्याने सांगितले. त्यामुळे एका गावचे लग्न लपवून दुसऱ्या गावी नवा संसार मांडणे अवघड झाले.

मात्र या कुंपणाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. कुंपणाच्या आत जन्मलेल्या बाळाला संरक्षण मिळाले. बाहेर जन्मलेल्याला 'अनौरस' हा शिक्का मिळाला. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार अशा मुलाला, विशेष सूट मिळाल्याखेरीज, गुरुदीक्षेची वाटही सहसा मोकळी नव्हती. दोष कोणाचा आणि शिक्षा कोणाला! १९८३ च्या संहितेने हा अडसर दूर केला.

या इतिहासातून आम्ही धर्मगुरूंनी आणि आपण सर्व धर्मग्रामस्थांनी दोन गोष्टी घ्याव्यात. विवाह ही दोघांची खाजगी बाब नाही. जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याने त्या घरात वादळ उठले असता दार ठोठावण्याचे कर्तव्यही स्वीकारलेले असते. आणि ज्या घराचे छत्र मोडले, त्या घरचे लेकरू धर्मशिक्षणाच्या वर्गात आले, तर त्याच्या आईबापांची चौकशी न करता त्याला पहिल्या बाकावर बसवावे. लेकरांचे कल्याण हाच या साऱ्या नियमांचा एक मोठा हेतू होता, याचा विसर पडू नये.