टाकी निघाल्यावर उरणारे कागद

दापोडीच्या जमिनीचे जुने कागद भरपूर आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या कवायती पलटणीचा कॅप्टन फोर्ड इथे राहत असे; ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत ती पलटण इंग्रजांना जाऊन मिळाली. फोर्डचा बंगला पुढे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी विकत घेतला आणि १८२८ मध्ये तिथे वनस्पती उद्यान उभारलं. डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५० या काळात तिथल्या झाडांची रंगीत चित्रं काढून घेतली गेली. चित्रकाराचं नाव उरलं नाही, चित्रं मात्र एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात सुखरूप आहेत. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे दापोडीवरून धावू लागली. १८६५ च्या सुमारास बाग मोडली. पुढच्या शतकात एसटीच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक इथे आली.

म्हणजे १८४८ साली दापोडीत कोणतं झाड फुललं होतं, हे आज सांगता येतं. पण याच पट्ट्यात एखाद्या मोकळ्या प्लॉटवर पूर्वी इंधनाची भूमिगत टाकी होती का, हे जमिनीच्या कागदावरून कळत नाही. सातबाऱ्यावर पीक येतं, विहीर येते, बँकेचा बोजा येतो; जमिनीखालच्या टाकीला रकाना नाही. टाकी काढली, खड्डा मुरमाने भरला, वर फरशी आली, की तपास करणाऱ्याच्या हाती कागदच उरतात आणि तेही महसूल खात्याबाहेरचे.

पहिला कागद परवान्याचा. पेट्रोलियम कायदा १९३४ चा. परवाने देणाऱ्या स्फोटके विभागाचं मुख्यालय नागपूरला. पंपच नव्हे, स्वतःच्या गाड्यांसाठी मोठा डिझेलसाठा ठेवणाऱ्या कारखान्यालाही परवाना लागतो. सोबतच्या मंजूर नकाशावर टाकी, नळ आणि हवा जाण्याची नळी नेमकी कुठे, हे दाखवलेलं असतं. बोअर कुठे घ्यायचे ते या नकाशावरून ठरतं. परवाना कधी रद्द झाला, यावरून टाकी निघाल्याचा काळ बांधता येतो.

खरा ऐवज असतो साठ्याच्या रजिस्टरात. रोज सकाळी टाकीत डिप रॉड घालून उंची मोजतात, तक्त्यावरून लिटर काढतात आणि विक्रीशी ताळा घालतात. थोडी तूट चालतेच. पेट्रोल उडतं, उष्णतेने फुगतं-आकसतं. बारीक गळती याच सवलतीत दडून बसते. म्हणून एका दिवसाची तूट पाहून भागत नाही, महिनोन्‌महिने ओळीने वाचावे लागतात. पंप बंद असलेल्या दिवशीही पातळी तेवढीच उतरत असेल, तर संशय टाकीवर. विक्री वाढली की तूटही वाढत असेल, तर आधी नळ आणि मीटर तपासायचे. पावसाळ्यात रॉडच्या टोकाची पेस्ट पाण्याने रंग बदलू लागली, तर वरच्या झाकणातून पाणी शिरतंय किंवा टाकीला भोक असून बाहेरची भूजलपातळी तिथवर चढली आहे. भोक दोन्ही दिशांना चालतं: पावसाळ्यात पाणी आत, उन्हाळ्यात इंधन बाहेर.

कागदाने दाखवलेली जागा मग जमिनीत पडताळायची. इथे वर माती-मुरूम, खाली काळा पाषाण. पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत साठतं. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते भूजलावर तरंगतं आणि पातळीबरोबर वर-खाली होताना मुरमाला माखत जातं. त्यातलं बेंझीन पाण्यात विरघळतं आणि भेगेच्या वाटेने पुढे सरकतं. म्हणून दहा पावलांवरची विहीर स्वच्छ आणि लांबची नासलेली, असंही घडू शकतं. पिण्याच्या पाण्यात बेंझीन लिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दापोडीजवळ पवना मुळेला मिळते; भूजलाचा ओघ सहसा नदीकडे असतो, पण पुरात नदी चढली की तो तुंबतो, उलटतोही. तेव्हा एकाच ऋतूतल्या नमुन्यावर निकाल देऊ नये.

अमेरिकेने भूमिगत टाक्यांसाठी १९८४ मध्ये कायदा केला आणि जुन्या टाक्या सुधारायला किंवा बंद करायला डिसेंबर १९९८ ची मुदत दिली. आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ७ जानेवारी २०२० रोजी नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम जुलै २०२५ मध्ये आले. त्यांनुसार संशयित जागांची यादी आधी स्थानिक यंत्रणेने द्यायची आहे. ही यादी डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्यावरून केली, तर बुजवलेला खड्डा तीत येणारच नाही. ती रद्द झालेल्या परवान्यांवरून करावी, आणि टाकी काढताना तळाच्या मातीच्या तपासणीचा अहवाल, नकाशा आणि अखेरच्या वर्षांची रजिस्टरं जमिनीच्या नोंदीला जोडावीत. नाहीतर गळती एकाची आणि विहीर दुसऱ्याची, हा न्याय चालूच राहील.