काशीतला अथेन्सकर

2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्यात विल्यम जोन्सने एशियाटिक सोसायटीपुढे ते गाजलेलं भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एकाच मुळातून फुटल्या असाव्यात, असं त्यात त्याने मांडलं. त्याच वर्षी त्याच शहरात एक ग्रीक मास्तर नोकरीवर रुजू झाला. जोन्सचं नाव भाषाशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात सापडतं. मास्तरचं नाव, तो ज्या काशीत चाळीस वर्षं राहिला तिथेही, विद्यापीठाच्या आवाराबाहेर फारसं कुणाला सांगता येत नाही. दिमित्रिओस गालानोस, जन्म 1760, राहणार अथेन्स. आम्हा मराठी माणसांची आडनावं गावावरून पडतात. आमच्या ब्रह्मा घाटावर जन्मला असता तर नक्की अथेन्सकर झाला असता.

तो आला तो मुलांना ग्रीक शिकवायला. बंगालमध्ये तेव्हा ग्रीक व्यापाऱ्यांची चांगली वस्ती होती, कलकत्त्यात आणि ढाक्यातही. ग्रीस तुर्कांच्या ताब्यात, घरं तिकडे, पेढ्या इकडे. कलकत्त्यात त्यांनी देऊळही उभारलं होतं, त्यांच्या पंथाचं. (पुढच्या शतकात आलेले ग्रीक म्हणजे रॅली ब्रदर्स. माझं माहेर अकोल्याचं. कापसाच्या भावाची गोष्ट निघाली की आजोबांच्या तोंडी हे नाव हमखास यायचं. ते ग्रीक होते, हे आजोबांना माहीत असतं तरी भावात फरक पडला नसता.) या व्यापाऱ्यांची मुलं बंगालात वाढत होती. दाईची बोली एक, बाजाराची दुसरी, कंपनी सरकारची तिसरी. बापाची भाषा त्यात चौथ्या नंबरावर गेली असणार. अमेरिकेतली आमची भावंडं मुलांना शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत का घालतात, हे ज्याला कळतं त्याला या व्यापाऱ्यांची धडपड वेगळी समजावून सांगायला नको. त्यांनी थेट कॉन्स्टँटिनोपलहून मास्तर मागवला.

गालानोसची तयारी पक्की होती. अथेन्स, मग मिसोलोंगी, मग पाट्मोस बेटावरची नावाजलेली शाळा. चुलता बिशप होता आणि पुतण्याने धर्मपीठाच्या सेवेत यावं ही त्याची इच्छा. पुतण्याने ती मोडली. कलकत्त्यात सहाएक वर्षं त्याने पोरांकडून ग्रीक घोकून घेतलं, फावल्या वेळात स्वतः संस्कृत, फारसी आणि इंग्रजी शिकला आणि 1793च्या सुमारास शिकवण्या सोडून, साठवलेल्या पैशांवर, काशीला आला. आता मास्तर विद्यार्थी झाला.

तेव्हाची काशी किती मराठी होती, ते इथे सांगायलाच हवं. विश्वेश्वराचं देऊळ अहिल्याबाईंनी नुकतंच, 1780 मध्ये, पुन्हा बांधून दिलं होतं. 1803 नंतर राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव इथे आले. राजा घाट त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे. 1824 मध्ये ते इथेच वारले. दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजी आप्पाही इथेच होते, आणि त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी पुढे झाशीची राणी झाली. दुर्गा घाट, ब्रह्मा घाट, पंचगंगा घाट हा सगळा पट्टा शास्त्री, वैदिक, दीक्षितांचा. जोनाथन डंकनने 1791 मध्ये काढलेलं संस्कृत कॉलेज होतं, पण खरी विद्या वाड्यांत चाले. मुलगा आणि शिष्य एकाच सतरंजीवर बसत, गुरुपत्नी दोघांना एकाच पंगतीत वाढी, आणि माजघरातल्या बायका काम करता करता ऐकून अमरकोश पाठ करत. त्या शिक्षणात सोवळ्या-ओवळ्याच्या आणि जातीच्या भिंती उंच होत्या. मला त्याचे गोडवे गायचे नाहीत. पण भाषा ही एकट्याने कोपऱ्यात बसून शिकायची गोष्ट आहे, असं तिथे कुणाच्या मनातही येत नसे. गालानोस ब्राह्मणी पेहरावात राहायचा असं त्याच्या चरित्रात येतं, आणि ब्राह्मण गुरूंपाशी त्याने जे केलं ते याच रीतीने.

बिशप हेबर सप्टेंबर 1824 मध्ये काशीला आला, तेव्हा त्याची या गृहस्थाशी गाठ पडली. सुशिक्षित, सभ्य ग्रीक, स्वतःच्या पैशांवर राहतो, संस्कृतचा अभ्यास करतो असं सांगतो, एवढं नोंदवून हेबर बुचकळ्यात पडला. इतक्या वर्षांनंतरही नुसता अभ्यासच चालू आहे, यावर साहेबाचा विश्वास बसेना.

अभ्यासच चालू होता. गीता, रघुवंश, भर्तृहरी, चाणक्याची वचनं, हितोपदेश, दुर्गासप्तशती ही सगळी ग्रीकमध्ये उतरत होती. शिवाय जगन्नाथ पंडिताची सुभाषितं. हा तोच जगन्नाथ पंडित, ज्याच्यासाठी गंगा पंचगंगा घाटाच्या बावन्न पायऱ्या चढून आली असं आमच्याकडे सांगतात. 3 मे 1833 रोजी गालानोस काशीतच वारला. तुर्कांनी त्याच वसंतात अथेन्सचं अॅक्रोपोलिस सोडलं होतं. ती बातमी त्याच्या हयातीत गंगेपर्यंत पोचली असेल असं वाटत नाही. त्याला इंग्रजांच्या दफनभूमीत पुरलं. शीतलसिंह मुन्शींनी त्याच्यावर शोककविता लिहून त्याला या युगाचा प्लेटो म्हटलं. हस्तलिखितं आणि बराचसा पैसा त्याने अथेन्सच्या विद्येसाठी ठेवला. 1845 पासून ही भाषांतरं तिकडे छापून निघाली. गीता 1848ची, रघुवंश 1850चा.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 2000 साली गालानोसच्या नावाने ग्रीक अभ्यासाचं अध्यासन निघालं. आमच्या घरात ग्रीक शिरलं ते मात्र त्या 1848च्या गीतेच्या स्कॅन प्रतीतून. मुलीने ती उतरवून घेतली आणि मोठ्या अक्षरांत छापून आणली. मी जन्मभर गणित शिकवलं; अल्फा, थीटा, लॅम्डा, पाय ही माझी रोजची मंडळी. निम्मी लिपी फुकटात पदरात पडली. सासूबाईंना पंधरावा अध्याय पाठ, कारण या घरात तो म्हटल्याशिवाय ताटाला हात लावत नाहीत. त्यामुळे जेवणाआधी अर्धा तास, एका वेळी एक श्लोक: सासूबाई संस्कृत म्हणतात, मुलगी ग्रीक ओळ वाचते, मी शब्द फोडते आणि हे व्याकरणाचं पुस्तक धरून बसतात.

अर्थ आधीच माहीत असला की परक्या भाषेची भीती निम्मी होते. गालानोसच्या ग्रीकमध्ये तर संस्कृत घरातल्या माणसाला जागोजागी ओळखीचे भेटतात. शब्दरूपं विभक्तीने चालतात. भूतकाळासाठी आपण ‘अगच्छत्’मध्ये पुढे ‘अ’ लावतो, ते पुढे ‘ए’ लावतात. आत्मनेपदासारखा क्रियापदाचा प्रकार आहे, आणि जुन्या ग्रीकमध्ये द्विवचनसुद्धा होतं. द्विवचनाचं ऐकल्यावर सासूबाईंनी या भाषेला प्रथमच आदराने वागवलं. जोन्सला कलकत्त्यात जे दिसलं ते हेच. फरक एवढाच, की त्याला ते सिद्धान्त म्हणून दिसलं आणि आम्हाला भाताला वाफ येईपर्यंतच्या वेळात. नामाआधी लागणाऱ्या उपपदाने मात्र यांना जेरीस आणलं आहे. तसलं काही ना संस्कृतात, ना मराठीत.

अडचण वेगळीच निघाली. मुलगी मोबाइलवर आजचं ग्रीक शिकते, आणि गालानोसने लिहिलं ते मुद्दाम जुन्या वळणाचं, पंडिती ग्रीक. दोन्हींत अंतर बरंच आहे. त्याच्या पुस्तकात अक्षरांवर तीन तऱ्हांचे आघात आणि वर श्वासाच्या खुणा. ग्रीस सरकारने 1982 मध्ये ते सगळं काढून एकच खूण ठेवली. मुलीला ती जुनी पानं माश्या बसल्यासारखी दिसतात. अथेन्समधल्या दुकानात यातलं एक वाक्य चालणार नाही, असं ती म्हणते, आणि ते खरं आहे. माझं म्हणणं असं, की आपल्याला दुकानात जायचंच नाही. यावर घरात दोन तट आहेत.

उच्चारावरूनही भांडण झालं. मी ‘बीटा’ म्हणते, मुलगी ‘वीटा’. युरोपातल्या पंडितांनी जुन्या ग्रीकचे उच्चार आडाख्याने बसवले, माझा ‘बीटा’ त्यांच्या वाटेने आलेला. खुद्द ग्रीक लोक कैक शतकं ‘वीटा’च म्हणतात. गालानोस अथेन्सचा, शिकला ग्रीक शाळांत, म्हणजे तोही ‘वीटा’च म्हणत असणार. ज्याचं पुस्तक त्याचा उच्चार, असा निकाल सासूबाईंनी दिला. तेव्हापासून आम्ही सगळी ‘वीटा’ म्हणतो. मी सोडून.

अध्याय वीस श्लोकांचा, पाच राहिलेत. पुढे काय घ्यायचं हे ठरत नाहीये. मला भर्तृहरी हवा आहे, मुलीला हितोपदेश, आणि हे म्हणतात की आधी उपपदाचा एकदा सोक्षमोक्ष लावू.