पेशीपटल आणि चाळणीचे रूपक

पेशीच्या आवरणातून कोणता रेणू आत जातो आणि कोणता बाहेर अडतो, या प्रश्नाचे पहिले ठाम उत्तर एका घरगुती वस्तूच्या उपमेने दिले गेले. १८६७ साली जर्मन रसायनज्ञ मोरिट्झ ट्राउबे याने ताम्र-फेरोसायनाइडचा कृत्रिम पापुद्रा तयार केला. त्यातून पाणी पार होई, परंतु विरघळलेले अनेक पदार्थ अडत. हा पापुद्रा म्हणजे रेणूंची चाळणी होय, असे त्याने प्रतिपादिले. बारीक ते गळते, जाडे ते वर राहते. पीठ चाळणाऱ्या कोणालाही हे सहज पटावे, आणि या उपमेचे बळही त्यातच होते.

शतकाच्या अखेरीस झुरिच येथे अर्नेस्ट ओव्हर्टन याने जिवंत पेशींवर शेकडो द्रव्ये पारखून पाहिली, तेव्हा निराळेच आढळले. मेदात विरघळणारी द्रव्ये, मग त्यांचे रेणू मोठे का असेनात, त्वरेने आत शिरत. साखर बाहेरच राही. तेव्हा पटल हे मेदासारख्या द्रव्याचे असले पाहिजे, असे त्याने अनुमान केले. १९२५ साली लायडन येथे गोर्टर व ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतील मेद पाण्यावर पसरून मोजला. तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरला, म्हणजे थर दोन. (मेद पुरता निघाला नव्हता आणि पृष्ठभागही कमी धरला गेला होता, दोन चुकांनी एकमेकींस सावरले.)

तरीही चाळणी मोडीत निघाली नाही. १९३३ साली फिनलंडमध्ये कोलांडर व बार्लुंड यांना कारा या पाणवनस्पतीच्या पेशींत असे दिसले की, अगदी लहान रेणू मेदविद्राव्यतेच्या मानाने अधिक वेगाने जातात. मेदाच्या भिंतीत छिद्रे मानणे पुन्हा भाग पडले.

उपमेची खरी कसोटी सोडियम-पोटॅशियमच्या जोडीने घेतली. सोडियमचा आयन पोटॅशियमहून लहान. तथापि पोटॅशियमच्या मार्गातून मोठा सुटतो आणि लहान अडतो. चाळणीत असे घडत नाही. १९९८ साली रॉडरिक मॅकिनन व त्याच्या सहकाऱ्यांनी एका जिवाणूतील या मार्गाची रचना क्ष-किरणांनी उलगडली. मार्गाच्या अरुंद भागातील ऑक्सिजनचे अणू पोटॅशियमभोवतीच्या पाण्याची जागा बेताबेताने भरून काढतात. म्हणून ते पाणी टाकून देणे त्याला परवडते. लहान सोडियमला हे अणू नीट वेढू शकत नाहीत, आणि तो आपले पाणी सोडीत नाही.

एवढे होऊनही शास्त्रज्ञ त्या अरुंद भागाला आजही ‘सिलेक्टिव्हिटी फिल्टर’, म्हणजे निवड करणारी गाळणी, असेच म्हणतात.